लुई ब्रेल

फ्रान्समधील कूव्रे या खेड्यात १८०९ साली एका खोगीर करणाऱ्या कारागिराच्या घरी लुई ब्रेलचा जन्म झाला. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या आरीशी खेळता खेळता ती त्याच्या डोळ्यात शिरली आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तेथील पुस्तकांतील उठावदार अक्षरे बोटांनी चाचपून वाचणे फार कष्टाचे असे. अंधांना ती लिहिता तर येतच नसत. बार्बिये नावाच्या सेनाधिकाऱ्याने बारा ठिपक्यांची एक लिपी योजिली होती. ती सुधारून लुईने पंधराव्या वर्षी एका बोटाखाली मावणारी सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. १८५२ साली तो निवर्तला. फ्रान्सने त्या लिपीस मान्यता दिली ती १८५४ साली! आज तिच्यात मराठी पुस्तकेही आहेत. तिचे ठिपके आरीसारख्याच टोकदार साधनाने उमटवितात. जिने अंधार दिला, तशाच टोकाने लुईने ज्ञानाचे द्वार उघडले.