कुंडल रोडच्या माळावरील वसाहत

बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून आपण नित्य जातो-येतो. परंतु ज्या घराण्यावरून हे नाव पडले, त्याच्या कर्त्या पुरुषास एके काळी याच गावातून आपले बिऱ्हाड आणि कारखाना उचलून दुसरीकडे जावे लागले, ही हकीकत आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल. ती येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे आणि यंत्रांकडे. १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांस कळत नाही असे त्यांच्या ध्यानात आले, आणि चित्रकार होण्याचा मनोरथ तेथेच थांबला. त्यांनी यांत्रिक रेखाटनाची कास धरली व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळविली. पुढे हक्काची बढती डावलून ती दुसऱ्यास दिली गेली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले.

येथे वडीलबंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकलींचे दुकान मांडले होते. सायकल विकावयाची आणि गिऱ्हाइकास ती चालविण्यास शिकवावयाचेही, असा तो व्यवसाय! परंतु त्यांचे मन दुकानदारीत नव्हते. त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा शेतकऱ्यांचा समज होता. तयार नांगर सुमारे दोन वर्षे पडून राहिले. आपल्या भागातील काळ्या जमिनीत हरळीशी झगडणाऱ्या बापजाद्यांनी त्या नांगराकडे पाठ फिरवावी, याचे आज आम्हांस नवल वाटते. पण दुष्काळ सोसलेला माणूस नव्या अवजारावर सहजासहजी विश्वास ठेवीत नाही, हेही खरे.

नांगर खपू लागले, इतक्यात शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी म्हणून ती सोडण्याचा हुकूम आला. जवळ पैसा नाही, नवी जागा नाही. औंध येथे सभामंडपाचे बांधकाम करताना संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींशी त्यांचा स्नेह जडला होता. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी देऊ केले.

१० मार्च १९१० हा त्या वसाहतीचा स्थापनादिन. जमीन कसली, निवडुंगाचे रानच ते! त्यात नागांची वस्ती. पाण्याचे दुर्भिक्ष. बेळगावहून सुमारे पंचवीस कामगार आपल्या कुटुंबांसह या उजाड माळावर आले. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून शंभरावर इंग्रज अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरले आणि प्लिमथची वसाहत वसवू लागले; पहिल्याच हिवाळ्यात त्यांतील जवळजवळ निम्मी माणसे दगावली. आमच्या लोकांवर तसा प्रसंग आला नाही. तथापि बायकामुलांचे घर मोडून केवळ एका माणसाच्या शब्दावर रानात यावयाचे, हे धाडस आम्हांस लहान वाटत नाही.

त्या माणसाने जमविलेली माणसे पाहावी. रामूअण्णांनी वस्तीची व्यवस्था पाहिली. शंभूराव जांभेकर यंत्रकामात हरहुन्नरी, मंगेशराव रेगे हिशेब सांभाळीत, के. के. कुलकर्णी विक्रीसाठी गावोगाव हिंडत. अनंतराव फळणीकर शाळेत अयशस्वी ठरलेले, ते येथे कुशल अभियंते झाले. आणि राखणदार कोण? शिक्षा भोगून आलेले तुकाराम रामोशी आणि पिराजी! ज्यांना गावाने दार लावून घेतले, त्यांच्याच हाती लक्ष्मणरावांनी रात्रीची राखण सोपविली. वस्तीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असाही त्यांचा दंडक होता. नांगराच्या फाळापेक्षा हे काम अधिक कठीण होते, असे आमचे मत आहे.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा देऊन भट्टी चालू ठेवण्यास हातभार लावला. तोफेचा नांगर झाला! पुढे पंप आले, इतर यंत्रे आली. १९२० साली पुतणे शंकरराव यांनी तेथून ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले, आणि कारखान्याचे नाव शेताप्रमाणे वाचकांच्या घरातही पोहोचले. १९४८ साली जाळपोळीत कारखान्याची मोठी हानी झाली. तो पुन्हा उभारण्यात आला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. बेळगावहून मिरजमार्गे पुण्यास जाताना भिलवडी मागे पडले की त्यांच्या वसाहतीचे स्थानक येते. तेथील कुंडल रोड ही पाटी केव्हाच गेली असून तिच्या जागी किर्लोस्करवाडी असे नाव लिहिलेले आहे.