बाबासाहेब आणि मतपेटी

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण बहुधा महाड, नाशिक, पुणे आणि नागपूर या टप्प्यांनी सांगतो. ते योग्यच आहे. परंतु या चरित्रात १९१९ पासून अखेरपर्यंत चालत आलेला आणखी एक धागा आहे, तो मतदानाचा. देशातील प्रत्येक प्रौढाच्या हाती मत देणाऱ्या राज्यघटनेचा हा शिल्पकार स्वतः लोकसभेवर एकदाही निवडून आला नाही. विरोधकांनी त्यांना पाडले, एवढ्या उत्तरावर आपल्या सभा समाधान मानतात. आम्हांला ते उत्तर अपुरे वाटते. मत कोणाला आहे हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच ते मत कसे मोजले जाते हाही आहे, आणि बाबासाहेबांनी आयुष्यभर हे दोन्ही प्रश्न एकत्र धरले.

२७ जानेवारी १९१९ रोजी सिडनहॅम कॉलेजातील सत्तावीस वर्षांच्या या प्राध्यापकाने साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. त्या काळी मताधिकार सारा आणि कर यांवर तोलला जाई. ज्याच्यापाशी जमीन नाही, त्याला मत नाही. आणि अस्पृश्याला जमीन मिळू न देण्याची व्यवस्था तर समाजानेच केलेली. म्हणून अस्पृश्यांसाठी ही अट खाली आणावी आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांनीच निवडावेत, अशी मागणी त्यांनी केली. निरक्षराला मत कशाला, या आक्षेपावर त्यांचे म्हणणे असे की, राजकारणात भाग घेणे हेच एक शिक्षण आहे. पुढे १९२७ मध्ये ते मुंबई कायदेमंडळात गेले, तेही सरकारनियुक्त सभासद म्हणून. ज्याला लोकांनी निवडलेले नाही, तो लोकांचा प्रतिनिधी कितपत, हा प्रश्न त्यांनी त्या बाकावर बसूनही सोडला नाही.

१९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन दिले. येथे वाचकांनी थोडे थांबावे, कारण याविषयी आपल्यातही गैरसमज आहे. स्वतंत्र मतदारसंघ ही बाबासाहेबांची पहिली आणि एकमेव मागणी होती, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः त्या निवेदनात त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला आणि मुंबई कायदेमंडळाच्या १४० जागांपैकी २२ जागा राखून मागितल्या. प्रौढ मताधिकार मिळत असेल तर संयुक्त मतदारसंघातील राखीव जागा चालतील. तो मिळणार नसेल तरच स्वतंत्र मतदारसंघ हवा, अशी ती मांडणी होती. बहुसंख्य अस्पृश्य मतदारयादीबाहेर असतील, तर संयुक्त मतदारसंघातील त्यांचा प्रतिनिधी इतरांच्याच मर्जीने निवडला जाणार, हे त्यामागील साधे गणित होते. मागणी एकच होती. मताधिकाराच्या व्याप्तीप्रमाणे तिचे रूप बदलत होते.

गोलमेज परिषदा, लोथियन समिती, जातीय निवाडा आणि २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार हा इतिहास परिचित आहे. त्यातील १४८ जागांचा आकडा सर्वांना पाठ असतो, रीत मात्र क्वचितच ठाऊक असते. प्रथम केवळ अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवार निवडायचे आणि मग त्या चौघांतून एकाला सर्व मतदारांनी निवडायचे. अखेरचा शब्द बहुसंख्याकांचा. अस्पृश्यांची सर्वाधिक मते मिळवणाराही दुसऱ्या फेरीत पडू शके.

१९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतील बहुतेक निवडून आले. भायखळा-परळ भागात बाबासाहेबांसमोर काँग्रेसने प्रसिद्ध क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना उभे केले होते. बाळू १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी पराभूत झाले. त्या वेळी मुंबई प्रांतात एकत्रित मतदानाची पद्धत होती. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा. अल्पसंख्य गटाला आपला माणूस निवडून आणण्याचे ते मोठे साधन होते.

१९४६ मध्ये चित्र पालटले. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला प्रांतिक निवडणुकांत दारुण अपयश आले. घटनासमिती प्रांतिक विधानसभांच्या सभासदांनी निवडायची होती आणि मुंबईच्या विधानसभेत फेडरेशनचा एकही सभासद नव्हता. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांचे सहकारी यांच्या बळावर बाबासाहेब बंगालमधून घटनासमितीवर गेले. फाळणीनंतर ती जागा गेली. तेव्हा राजेंद्रप्रसादांनी बाळासाहेब खेर यांना लिहिले आणि बॅ. जयकरांच्या रिक्त जागी बाबासाहेब मुंबईतून निवडले गेले.

घटनेच्या ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार दिला. १५ जून १९४९ रोजी निवडणूक आयोगाचे कलम मांडताना त्यांनी सर्व देशासाठी एकच स्वतंत्र आयोग सुचविला. काही प्रांतांत परक्या भाषेच्या वा वंशाच्या लोकांची नावे यादीतून वगळली जात असल्याच्या तक्रारी हे त्याचे कारण होते. मताधिकार कागदावर असतो, यादी कारकुनाच्या हातात असते, हे त्यांनी नेमके हेरले होते.

१९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा ते विधिमंत्री असतानाच झाला. या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघात मतदाराला दोन मते दिली, परंतु एका उमेदवाराला एकाहून अधिक मत देण्यास मनाई केली. १९३७ ची मुभा संपली. वर्गात हे शिकवताना आम्ही फळ्यावर पेट्या काढतो, कारण त्याशिवाय ते मुलांना उमगत नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या की एक बाद.

जानेवारी १९५२ मध्ये उत्तर मुंबई या द्विसदस्य मतदारसंघात बाबासाहेब हत्ती या चिन्हावर राखीव जागेसाठी उभे राहिले. समाजवादी पक्षाशी युती होती आणि सर्वसाधारण जागेला अशोक मेहता होते. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली. पराभव १४,५६१ मतांचा. बाद ठरलेल्या मतपत्रिका ७४,३३३! कम्युनिस्ट नेते कॉ. डांगे आणि इतरांनी दुसरे मत वाया घालविण्याचा प्रचार केला, असा आरोप करून बाबासाहेब आणि मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. तो फेटाळण्यात आला.

आम्हांला आणखी एक आकडा बोलका वाटतो. मेहतांना १,३९,७४१ मते होती. मेहतांच्या प्रत्येक मतदाराने आपली दुसरी पत्रिका हत्तीच्या पेटीत टाकली असती, तर बाबासाहेब काजरोळकरांच्या पुढे गेले असते. मतदान गुप्त असते. कोणी काय केले हे सिद्ध करता येत नाही. पण युतीची मते एका दिशेने सहज वाहतात आणि उलट दिशेने अडखळतात, हा अनुभव फेडरेशनच्या कार्यकर्त्यांना नवा नव्हता. ज्या कायद्याच्या वेळी आपण विधिमंत्री होतो, त्याच कायद्याच्या चौकटीत बाबासाहेब हरले आणि दादही त्याच कायद्याखाली मागितली. मतपेटीचा मार्ग मात्र त्यांनी सोडला नाही.

त्याच वर्षी ते राज्यसभेवर गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा उभे राहिले. सोबतीला पुन्हा अशोक मेहता. मेहता निवडून आले. बाबासाहेब आठ हजारांहून काही अधिक मतांनी पडले. मुंबईचीच पुनरावृत्ती! ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने कायदेमंडळांतील राखीव जागा रद्द कराव्यात, असा ठराव केला. आज तो ठराव संदर्भ तोडून आरक्षणाच्या विरोधात वापरला जातो, त्या वेळी भंडाऱ्याचा निकाल जेमतेम सव्वा वर्षाचा होता हे ध्यानात ठेवावे. तो ठराव राजकीय जागांपुरता होता. शिक्षण वा नोकऱ्यांविषयी त्यात काही नव्हते.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, १९५७ च्या निवडणुकीत, फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील होते. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड लोकसभेवर गेले. मध्य मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात गिरणगावच्या मतदारांनी एक मतपत्रिका फेडरेशनचे गो. का. माने यांच्या पेटीत टाकली आणि दुसरी कॉ. डांगे यांच्या. दोघेही निवडून आले. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. राखीव जागा संयुक्त मतदारसंघांतच राहिल्या.