चाकांचे गणित मांडणारा मार्क डोनोह्यू

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या वाहनचालकाला 'अलाइनमेंट' हा शब्द आठवतो तो टायर एका बाजूने झिजू लागल्यावर, किंवा सरळ धरलेली गाडी आपोआप डावी-उजवीकडे ओढू लागल्यावर. शर्यतीच्या मोटारीत मात्र याच जुळणीवर विजय, आणि प्रसंगी प्राणही, अवलंबून असतात. या जुळणीला अंदाजाच्या प्रांतातून काढून मोजमापाच्या प्रांतात आणणाऱ्यांमध्ये अमेरिकन शर्यतपटू मार्क डोनोह्यू याचे नाव अग्रभागी आहे.

१८ मार्च १९३७ रोजी न्यू जर्सी राज्यात जन्मलेल्या मार्कने १९५९ मध्ये ब्राऊन विद्यापीठातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. विद्यार्थिदशेतच स्वतःच्या कॉर्व्हेट मोटारीतून तो शर्यतींत उतरला. अनुभवी शर्यतपटू वॉल्ट हॅन्सजेन याने त्याचे गुण हेरून त्याला पुढे आणले. १९६६ मध्ये ल मान्स येथील चाचणीत हॅन्सजेनचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर संघमालक रॉजर पेन्स्के याने मार्कला आपल्याकडे घेतले आणि एक असामान्य जोडी जमली.

चालकाने गाडी पळवावी आणि तंत्रज्ञाने ती दुरुस्त करावी, ही तेव्हाची रूढ विभागणी होती. डोनोह्यूने दोन्ही कामे अंगावर घेतली. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, सारा भार बाहेरच्या चाकांवर येतो आणि टायर केवळ बाहेरच्या कडेवर टेकू लागतो. म्हणून ट्रॅकवर उतरणाऱ्या मोटारीची चाके उभी असतानाच वरच्या बाजूने किंचित आत झुकवलेली असतात. यालाच कॅम्बर म्हणतात. पुढची चाके अगदी थोडी बाहेर फाकवली तर गाडी वळणात चटकन शिरते. मागची किंचित आत वळवली तर ती स्थिर राहते. हे माप म्हणजे टो. यांपैकी एक बदलले की दुसऱ्याचा परिणाम बदलतो. तेव्हा योग्य मेळ कोणता, हे ठरवायचे कसे? टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागाचे तापमान मोजावे. आतली कड फारच तापली असेल तर झुकाव जास्त झाला, असे समजावे.

डोनोह्यूचा भर अशाच पुराव्यावर होता. एका ठरावीक वर्तुळावर गाडी पुनःपुन्हा फिरवायची, वेळ नोंदवायची, एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा फिरवायची, ही त्याची रीत. पोर्शच्या वायझाख येथील चाचणी केंद्रातही त्याने हीच पद्धत वापरली.

या चिकाटीचे फळ मिळाले. १९६८ मध्ये ट्रान्स-ॲम मालिकेतील १३ पैकी १० शर्यती त्याने जिंकल्या. १९६९ मध्ये डेटोनाची २४ तासांची शर्यत आणि १९७२ मध्ये ताशी सुमारे २६२ किलोमीटर सरासरी वेगाने इंडियानापोलिस ५०० त्याने जिंकली. त्याच वर्षी चाचणीदरम्यान मोटारीचा मागचा भाग निखळून मोठा अपघात झाला व गुडघा जायबंदी झाला. तरीही १९७३ मध्ये हजाराहून अधिक अश्वशक्तीच्या पोर्श ९१७/३० मध्ये बसून त्याने कॅन-ॲम मालिकेतील आठपैकी सहा शर्यती खिशात घातल्या.

१९७४ च्या आरंभी त्याने निवृत्ती जाहीर केली. पण पेन्स्केच्या फॉर्म्युला वन संघासाठी तो त्याच वर्षाअखेर परतला. युरोपातील ट्रॅक अनोळखी, गाडी नवी आणि यश दूर होते. ९ ऑगस्ट १९७५ रोजी टॅलाडेगा येथे त्याने ताशी सुमारे ३५६ किलोमीटर वेगाचा बंदिस्त ट्रॅकवरील विश्वविक्रम केला. अवघ्या आठ दिवसांनी, ऑस्ट्रियन ग्रां प्रीच्या सरावात वेगवान वळणावर त्याची मोटार ट्रॅकबाहेर फेकली गेली. टायर निकामी झाल्याचे कारण पुढे आले आणि ते प्रकरण नंतर न्यायालयातही गेले. त्या अपघातात एका मार्शलचाही बळी गेला. डोनोह्यू प्रथम शुद्धीवर होता. मात्र मेंदूतील रक्तस्रावामुळे १९ ऑगस्ट रोजी ग्राझ येथे त्याचे निधन झाले. त्या वेळी तो ३८ वर्षांचा होता.

आयुष्यभर ज्याने टायर आणि रस्ता यांच्यातील तळहाताएवढ्या स्पर्शाचा हिशेब मांडला, त्याचा घात त्याच जागी व्हावा, हा दैवदुर्विलास होय. सगळे कोन अचूक लावले तरी एक अनिश्चितता उरतेच, हे त्याच्या मृत्यूने दाखवले. परंतु मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नये, हा त्याचा धडा शर्यतीच्या जगाने सोडला नाही. वडिलांच्या डेटोना विजयाला ४० वर्षे होत असताना, २००९ मध्ये, त्याचा मुलगा डेव्हिड याच्या संघाने तीच २४ तासांची शर्यत जिंकली.