त्रेचाळीस धावांच्या सावलीत पॉली उम्रीगर

सोलापूर - भारतीय क्रिकेटमधील सर्वांत उपेक्षित फलंदाज कोण, हा वाद क्रिकेटशौकिनांच्या बैठकीत निघाला, की विजय हजारे, विजय मांजरेकर, विनू मंकड ही नावे हटकून पुढे येतात. हजारे यांच्या एकाग्रतेचे आणि मांजरेकर यांच्या तंत्राचे गोडवे गाणारे आजही भेटतात. या तिघांपेक्षाही अधिक कसोटी धावा आणि अधिक कसोटी शतके करणाऱ्या एका खेळाडूचे नाव मात्र बहुधा शेवटी निघते, आणि तो सोलापुरात जन्मला होता हे तर त्याहून कमी जणांना ठाऊक असते. तो खेळाडू म्हणजे पहलान रतनजी ऊर्फ पॉली उम्रीगर.

२८ मार्च १९२६ रोजी एका पारशी कुटुंबात उम्रीगर यांचा जन्म झाला. गिरण्यांच्या भोंग्यांवर दिवस सुरू होणाऱ्या त्या काळच्या सोलापुरात त्यांच्या वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय होता. पॉली शाळकरी वयाचे असतानाच हे कुटुंब मुंबईला गेले. पुढचे सारे क्रिकेट मुंबईत घडले, त्यामुळे सोलापूरचा त्यांच्यावरील हक्क जन्मापुरताच उरला. वयाच्या १८ व्या वर्षी, १९४४ मध्ये, पंचरंगी स्पर्धेत ते पारशी संघाकडून खेळले. मुंबई विद्यापीठाचे कर्णधारपदही त्यांच्याकडे आले. १९४८ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला असता संयुक्त विद्यापीठ संघातर्फे त्यांनी नाबाद ११५ धावा केल्या आणि त्या खेळीने भारतीय संघाचे दार उघडले. त्याच डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांनी कसोटी पदार्पण केले.

पहिल्या शतकासाठी मात्र १९५२ उजाडावे लागले. फेब्रुवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी नाबाद १३० धावा केल्या. भारताने हा सामना एक डाव आणि ८ धावांनी जिंकला. हाच भारताचा पहिला कसोटी विजय. परंतु त्या सामन्यात मंकड यांनी १२ बळी घेतले होते, त्यामुळे मद्रासची कसोटी मंकड यांच्या नावाने ओळखली गेली. त्यात अन्याय काहीच नव्हता. तथापि उम्रीगर यांच्या कारकिर्दीत हे पुन्हा पुन्हा घडत राहिले.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला गेला आणि तेथे जे घडले, ते उम्रीगर यांच्या नावाला कायमचे चिकटले. फ्रेड ट्रूमन नावाचा तरुण वेगवान गोलंदाज इंग्लंडला गवसला होता. लीड्सच्या पहिल्याच कसोटीत दुसऱ्या डावात भारताची अवस्था ४ बाद शून्य अशी झाली. ट्रूमन यांनी त्या मालिकेत २९ बळी टिपले. उम्रीगर यांना चार कसोटींतील सात डावांत अवघ्या ४३ धावा जमल्या. वेगवान माऱ्यापुढे ते पाय मागे घेतात, असा बोलबाला झाला आणि त्याच्या कथा तिखटमीठ लावून सांगितल्या गेल्या. याच दौऱ्यात इतर प्रथम श्रेणी सामने धरून त्यांनी तीन द्विशतकांसह १,६८८ धावा केल्या होत्या, ही बाब कथा सांगणाऱ्यांच्या सोयीची नव्हती. अर्थात, कसोटीतील अपयश हे अपयशच होते आणि ते झाकण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की दहा वर्षांहून अधिक काळ खेळलेल्या फलंदाजाचे मोजमाप एका उन्हाळ्यावरून करायचे काय?

त्याचे उत्तर वर्षाच्या आतच मिळू लागले. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात रामाधीन आणि व्हॅलेंटाइन या फिरकी जोडीसमोर उम्रीगर यांनी दोन शतकांसह ५६० धावा केल्या. खुद्द इंग्लंडमधील परतफेडीला सात वर्षे लागली. १९५९ मध्ये मँचेस्टरच्या कसोटीत इंग्लंडच्या संघात ट्रूमन होतेच आणि उम्रीगर यांनी ११८ धावा काढल्या. त्या डावात नवोदित अब्बास अली बेग यांनीही पदार्पणात शतक केले. साहजिकच चर्चा बेग यांची झाली.

नोव्हेंबर १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध उम्रीगर यांनी २२३ धावा केल्या. कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय. या मानाचे कौतुक पुरते ओसरण्यापूर्वीच पुढच्या कसोटीत मंकड यांनीही नेमक्या २२३ धावा केल्या आणि त्याच मालिकेत मद्रासला २३१ धावा काढून विक्रम स्वतःकडे नेला. त्या दोन्ही सामन्यांत भारताचे कर्णधार उम्रीगर होते. सहकाऱ्याने आपला विक्रम मोडला तो क्षण त्यांनी कर्णधार म्हणून पाहिला, आणि दोन्ही सामने भारताने जिंकले.

त्यांनी एकूण आठ कसोटींत नेतृत्व केले. दोन विजय, दोन पराभव आणि चार अनिर्णित, असा हिशेब. १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध मद्रास कसोटीच्या आदल्या रात्री त्यांनी कर्णधारपद सोडले. जायबंदी मांजरेकर यांच्या जागी त्यांना मनोहर हर्डीकर हवे होते, तर मंडळाच्या अध्यक्षांचा आग्रह फिरकी गोलंदाज जसू पटेल यांच्यासाठी होता. त्या मालिकेत भारताला चार कर्णधार लाभले, यावरून कारभाराची कल्पना यावी. कर्णधाराला संघनिवडीत किमान एवढा अधिकार असावा, ही त्यांची भूमिका आज कोणालाही रास्त वाटेल. नियतीचा विनोद असा, की वर्षभरातच डिसेंबर १९५९ मध्ये कानपूरला जसू पटेल यांनीच १४ बळी घेऊन ऑस्ट्रेलियावर भारताला पहिला विजय मिळवून दिला. दुसऱ्या डावात २७ धावांत ४ बळी घेऊन त्यांना साथ देणारा ऑफब्रेक गोलंदाज होता पॉली उम्रीगर.

१९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्ध कानपूर, मद्रास व दिल्ली येथे तीन शतके झाली. पुढच्या हिवाळ्यात इंग्लंडविरुद्ध कानपूरला नाबाद १४७ धावा झाल्या आणि ती मालिका भारताने २-० अशी जिंकली. इंग्लंडवर भारताचा हा पहिलाच मालिका विजय.

त्यानंतरचा १९६२ चा वेस्ट इंडीज दौरा हा उम्रीगर यांच्या कारकिर्दीचा शेवट, आणि कळसही. बार्बाडोसच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू डोक्यावर आदळून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मृत्यूच्या दारात पोहोचले. त्यांच्यासाठी रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल होते आणि उम्रीगरही होते. हादरलेल्या संघाची धुरा २१ वर्षांच्या पतौडी यांच्याकडे गेली. संघ सामन्यामागून सामने हरत होता. अशा मनःस्थितीत पोर्ट ऑफ स्पेनची चौथी कसोटी आली. ३६ वर्षांच्या उम्रीगर यांनी वेस्ट इंडीजच्या डावात १०७ धावांत ५ बळी घेतले. पहिल्या डावात वेस्ली हॉल यांनी भारताची दाणादाण उडवली, तेव्हा ५६ धावा करून ते तग धरून राहिले. फॉलोऑननंतर सलीम दुराणी यांनी शतक ठोकले, आणि मग उम्रीगर यांनी चौफेर टोलेबाजी करीत सुमारे चार तासांत नाबाद १७२ धावा केल्या. समोरचे गोलंदाज हॉल, सोबर्स आणि गिब्ज होते. जलद माऱ्याला घाबरणारा फलंदाज, ही दहा वर्षांपूर्वीची कथा त्या दिवशी तरी संपायला हवी होती. भारत सात गडी राखून हरला, मालिका ०-५ अशी गमावली, आणि त्या दौऱ्याची आठवण म्हणजे कॉन्ट्रॅक्टर यांचा अपघात, एवढेच शिल्लक राहिले. पुढची किंग्स्टन कसोटी उम्रीगर यांची अखेरची ठरली. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

निवृत्तीच्या वेळी सर्वाधिक ५९ कसोटी, सर्वाधिक ३,६३१ धावा आणि सर्वाधिक १२ शतके हे तिन्ही भारतीय विक्रम त्यांच्या नावावर होते. सरासरी ४२.२२. याशिवाय ३५ बळी आणि यष्टीजवळ टिपलेले झेल वेगळेच. मांजरेकर यांच्या ५५ कसोटींत ३,२०८ धावा व सात शतके आहेत, हजारे यांच्या ३० कसोटींत २,१९२ धावा व सात शतके. हजारे यांची सरासरी अधिक, हे मान्य करावेच लागेल. पण सामना फिरवण्यासाठी बॅट, चेंडू आणि हात अशी तिन्ही आयुधे एकाच खेळाडूकडे असणे, ही उम्रीगर यांची मिरास होती.

बारा शतकांचा विक्रम १५ वर्षांहून अधिक टिकला. १९७७-७८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सुनील गावसकर यांनी तो मागे टाकला, तेव्हा संघाचे व्यवस्थापक उम्रीगर होते. त्याआधी १९७६ मध्ये किंग्स्टनला भारतीय फलंदाज एकामागून एक जायबंदी होत असतानाही व्यवस्थापक तेच होते. पुढे ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले आणि मुंबई क्रिकेट संघटना व भारतीय मंडळाच्या कामात वर्षानुवर्षे रमले.

७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वर्षातील सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूसाठी मंडळाने सुरू केलेल्या पुरस्काराला त्यांचे नाव आहे. २००६-०७ चा पहिला पुरस्कार सचिन तेंडुलकर यांना मिळाला. २८ मार्च २०२६ ही उम्रीगर यांच्या जन्मशताब्दीची तारीख.