घटना समितीतील आपली भगिनी : दाक्षायणी वेलायुधन



घटना म्हटली की आपल्यापुढे बाबासाहेब उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. पण ज्या घटना समितीत बाबासाहेब बसत होते, तिथेच अस्पृश्य समाजात जन्मलेली एक स्त्रीही बसत होती, हे आपल्यापैकी किती घरांत ठाऊक आहे? समितीत स्त्रिया एकंदर १५. त्यांत अस्पृश्य म्हणून जन्मलेली एकटीच. त्या होत्या दाक्षायणी वेलायुधन.

त्यांचा जन्म ४ जुलै १९१२ रोजी केरळात, एर्नाकुलमजवळच्या मुळवुकाड बेटावर, पुलय जातीत झाला. पुलयांची स्थिती काय सांगावी! सार्वजनिक रस्ता बंद, शाळा बंद. त्यांच्या स्त्रियांना छातीवर वस्त्र घेण्याचीही मोकळीक नव्हती. १९१३ साली कोचीत पुलयांना सभेसाठी जमीन मिळेना, तेव्हा त्यांनी खाडीत नावा एकमेकींना बांधल्या आणि पाण्यावर सभा भरवली. आपल्या लोकांना महाडला पाण्यासाठी लढावे लागले; त्यांना जमीन नाकारली म्हणून पाण्यावर उभे राहावे लागले. दुःख एकच होते.

अशा समाजातली ही मुलगी अंगभर वस्त्र लेऊन शाळेत गेली आणि पुढे एर्नाकुलमच्या महाराजा कॉलेजात रसायनशास्त्र शिकली. प्रयोगशाळेत सवर्ण शिक्षक तिला प्रयोग दाखवीत नसत. तिने दुरून पाहून ते शिकून घेतले. १९३५ साली ती पदवीधर झाली आणि शिक्षिका झाली. सावित्रीबाई फुले यांनी आपल्या नगरच्या मिस फॅरार यांच्या शाळेत अध्यापनाचे धडे घेतले होते, हे आठवा. बदलाची सुरुवात शिक्षिकेपासून झाल्याची ही आणखी एक साक्ष.

१९४० साली आर. वेलायुधन यांच्याशी त्यांचा विवाह आपल्याच महाराष्ट्रात, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात, गांधीजी व कस्तुरबा यांच्या उपस्थितीत झाला. कुष्ठरोग झालेल्या गृहस्थाने तो लावला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी, नागपुरात दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या, बाबासाहेब हजर होते आणि वीस-पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या. तुमच्या आज्या-पणज्या तेव्हाच जाग्या झाल्या होत्या, हे विसरू नका.

१९४५ साली दाक्षायणीबाई कोचीन संस्थानच्या विधिमंडळात गेल्या. १९४६ मध्ये मद्रास प्रांतातून घटना समितीवर निवडून आल्या, तेव्हा त्यांचे वय होते ३४. त्या गप्प बसणाऱ्या नव्हत्या. डिसेंबर १९४६ मध्ये ध्येयांच्या ठरावावर बोलताना त्यांनी बजावले, की या समितीचे काम केवळ कायदा लिहिण्याचे नाही, लोकांना नवे जीवन देण्याचे आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम चर्चेला आले, तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला आणि कायद्याच्या जोडीला सरकारने लोकशिक्षणही करावे, असे सांगितले. तेच आज घटनेचे १७ वे कलम आहे.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. दाक्षायणीबाई काँग्रेसच्या बाजूने आल्या होत्या आणि विभक्त मतदारसंघाला त्यांचा विरोध होता. बाबासाहेबांनी तर त्याच मागणीसाठी झुंज दिली होती. मग आपण त्यांना परके मानायचे काय? नाही. मतभेद होता, पण दोघांचा शत्रू एकच होता. त्यांचा आग्रह असा, की सामाजिक बंधने तत्काळ तुटली नाहीत तर नुसत्या जागांनी गुलामी जाणार नाही. मत पटो न पटो, ते तपासून पाहावे. तथागतांची शिकवणही तीच आहे.

१९५२ पर्यंत त्या हंगामी संसदेत होत्या. १९७१ मध्ये त्या लोकसभेसाठी अपक्ष उभ्या राहिल्या आणि हरल्या. १९७७ मध्ये दिल्लीत त्यांनी महिला जागृती परिषद काढली. २० जुलै १९७८ रोजी त्या गेल्या.

आता आपल्याकडे वळू या. १९३५ च्या कायद्यात मत मालमत्ता, कर किंवा शिक्षण असणाऱ्यालाच होते. घटनेने ते खुरपे धरणाऱ्या बाईलाही दिले. २०११ पासून महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. पण सरपंच बाई, आणि बोलणारा तिचा नवरा, असे चित्र तुम्ही पाहिले असेल. दीक्षा घेतलेल्या घरातही असेच चालणार असेल, तर आपण बदललो ते कशात?

म्हणून बंधूंनो, घरातल्या बाईला ग्रामसभेला पाठवा आणि तिच्याऐवजी बोलू नका. भगिनींनो, ठराव वाचल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या. प्रयोग दाखवला नाही तरी दुरून पाहून शिकणारी ती मुलगी डोळ्यांपुढे ठेवा. तुम्हाला तर आता दूर उभे राहण्याचेही कारण नाही.

जयभीम.