हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ आणि ट्रकमधली बंद डबी



टर्बो बसवलेल्या डिझेल इंजिनात एअर फिल्टरकडून आत हवा नेणारा एक जाड पाइप असतो. काही गाड्यांत त्याच्या कडेला एक पोकळ डबी जोडलेली दिसते. तिला एकच तोंड असते, बाकी सगळीकडून ती बंद. हवेला पलीकडे जायला वाटच नसलेली ही डबी काय कामाची, असे म्हणून ती काढून टाकायची आणि भोकाला बूच मारायचे, ही हौस अनेकांना असते. उद्यमबागेतल्या यंत्रांच्या आवाजात वाढलेल्या आपल्या बेळगावच्या मुलांच्या कानावरही हा सल्ला कधी ना कधी येतोच. तेव्हा या अंकात, ज्यांच्या अभ्यासावर ती डबी उभी आहे, त्या हेल्महोल्ट्झ यांची ओळख करून घेऊ.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी जर्मनीतील पोट्सडाम येथे झाला. वडील शाळामास्तर. मुलाची ओढ भौतिकशास्त्राकडे, पण त्या शिक्षणाचा खर्च घराला झेपणारा नव्हता. बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत मात्र शिक्षण मोफत होते. अट एवढीच, की पुढे काही वर्षे सैन्यात डॉक्टरकी करायची. १८३८ साली ते तिथे दाखल झाले. संस्थेच्या ग्रंथालयात मदतनिसाचे काम करता करता त्यांनी ऑयलर, बर्नुली यांचे गणिताचे ग्रंथ स्वतःच वाचून काढले. पुढे एकदा तापाने आजारी पडले. विद्यार्थी म्हणून रुग्णालयात उपचार फुकट झाले आणि विद्यावेतनाचे पैसे शिल्लक राहिले. त्या पैशांतून त्यांनी सूक्ष्मदर्शक विकत घेतला. आम्हाला त्यांच्या साऱ्या चरित्रात हा प्रसंग सर्वांत जवळचा वाटतो.

पोट्सडामला लष्करी डॉक्टर असतानाच, १८४७ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा निबंध लिहिला. त्या काळच्या प्रमुख भौतिकी नियतकालिकाने तो नाकारला. त्यांनी तो पुस्तिका म्हणून छापला. आज तोच नियम आपण शाळेत शिकतो. पुढे क्योनिग्सबर्गला प्राध्यापक झाल्यावर त्यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजले. हा वेग मोजता येणार नाही, असे त्यांच्या गुरूंनाच वाटत होते. तो निघाला सेकंदाला साधारण २५ ते ४० मीटर. चष्म्याची भिंगे आणि पातळ काचा जोडून त्यांनी जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला पडदा पाहण्याचे उपकरणही तयार केले. ते १८५१ साली जाहीर झाले आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते उचलून धरले.

मग ते कानाकडे वळले. तंबोरा लावला की त्यातून न छेडलेला गंधारही ऐकू येतो, हे गाणाऱ्यांच्या घरात नवीन नाही. एका स्वरात असे अनेक स्वर दडलेले असतात. ते वेगळे कसे काढायचे? हेल्महोल्ट्झ यांनी काचेचे व धातूचे पोकळ गोळे करून घेतले. एका बाजूला तोंड, दुसऱ्या बाजूला कानात बसेल अशी बारीक नळी. प्रत्येक गोळा आपल्या मापाच्या एकाच स्वराला घुमतो, इतरांना जवळजवळ दाद देत नाही. तोंडाशी असलेली हवा दट्ट्यासारखी आतबाहेर हलते, आतली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि फुगते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारा, मग थोडे पाणी ओतून पुन्हा फुंका. स्वर चढलेला कळेल. १८६३ सालच्या स्वरसंवेदनांवरील त्यांच्या ग्रंथात या गोळ्यांचा मोठा वाटा आहे. आपले सी. व्ही. रामन तरुणपणी ज्या ग्रंथांनी भारावले, त्यांपैकी हा एक.

ट्रकमधली डबी म्हणजे असाच गोळा, फक्त कानाऐवजी पाइपाला लावलेला. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे फिरत असेल, तर ते सेकंदाला ७५ वेळा हवा ओढते. प्रत्येक ओढीबरोबर पाइपात दाबाची लाट उठते आणि गाडी घुमू लागते. डबीचे माप त्रास देणाऱ्या कंपनाशी जुळवलेले असते. तिच्यातली हवा उलट हलून ती लाट बरीचशी मारते. टर्बोच्या शिट्टीसाठी त्याच्या पुढच्या पाइपावर वेगळ्या, लहान कप्प्यांची डबी लावतात. कडेची डबी हवेच्या वाटेत उभीच नसते. त्यामुळे ती काढून ताकद वाढल्यासारखे वाटते ते बहुधा आवाज वाढल्यामुळे. फिल्टरनंतरच्या भोकाचे बूच सैल राहिले, तर धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. टर्बोपुढचे बूच निसटले, तर दाबाखालची हवा बाहेर पडते आणि गाडी काळा धूर ओकते. डबीला तडा गेला असेल तर ती जरूर काढावी, पण त्याच मापाची दुसरी बसवावी. पालकांपैकी जे या व्यवसायात आहेत, त्यांना हे आम्ही सांगायला नकोच.

१८७१ पासून हेल्महोल्ट्झ बर्लिनला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. लहानपणी पैशाअभावी हुकलेला विषय पन्नाशीला पोचताना हाती आला. हाइनरिख हर्ट्झ हा त्यांचा लाडका शिष्य. १ जानेवारी १८९४ रोजी, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, हर्ट्झ गेले. त्यांच्या अखेरच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिण्याची वेळ गुरूंवर आली. त्याआधी १८९३ साली शिकागोहून परतताना जहाजाच्या जिन्यावरून पडून हेल्महोल्ट्झ यांना जबर मार बसला होता. ८ सप्टेंबर १८९४ रोजी ते निवर्तले. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन यशस्वीपणे चालले ते १८९७ साली, आणि आल्फ्रेड ब्यूखी यांनी टर्बोच्या कल्पनेचे पेटंट घेतले ते १९०५ साली.