खंजिरी आणि राष्ट्रसंत

आमच्या घरी खुंटीला एक खंजिरी टांगलेली असते. अकोल्याकडील आमच्या खेड्यातील भजनी मंडळात माझे वडील ती वाजवितात. कॉलेजात आल्यावर मला त्या खंजिरीची थोडी लाजच वाटू लागली. पेटी, सतार ही खरी वाद्ये. लाकडाचे एक कडे, त्यावर ताणलेले कातडे आणि कडेला चार झांजा, यात शिकण्यासारखे ते काय? गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात मी मोठ्या ऐटीने ती हाती घेतली आणि दोन मिनिटांतच ताल सुटला. सारे हसले. तेव्हापासून, ज्यांच्यामुळे ही खंजिरी वऱ्हाडात घरोघरी गेली, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे चरित्र मी वाचू लागलो.

महाराजांचे मूळ नाव माणिक. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात बंडोजी इंगळे व मंजुळाबाई या गरीब दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. शिक्षण प्राथमिक शाळेपलीकडे गेले नाही. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. त्यांनीच माणिकचा तुकड्या केला. पुढे रामटेक, सालबर्डीच्या रानावनांत त्यांनी साधना केली. पण ते रानात राहिले नाहीत, माणसांत परत आले. १९३५ साली अमरावती–नागपूर रस्त्यावर मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९३६ साली ते गांधीजींच्या सहवासात काही दिवस राहिले.

खेड्यांतील सभांना तेव्हा ना ध्वनिक्षेपक होता, ना वर्तमानपत्रे वाचणारी माणसे. खंजिरीचा ठेका पडला की गाव गोळा होई. भजनातून ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यतेचा त्याग आणि देशाचे स्वातंत्र्य हे विषय लोकांच्या कानी जात. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर, आष्टी पेटली, तेव्हा या भजनांची ताकद इंग्रज सरकारला कळली. महाराजांना अटक करून नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. एका खंजिरीला साम्राज्याने भ्यावे, हे लहानसहान नव्हे! १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेलाही ते गेले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले. त्याच सुमारास ४१ अध्यायांची ग्रामगीता प्रसिद्ध झाली. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे त्यांनी देह ठेवला. २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्यांनी कॉलेज पाहिले नाही, त्यांच्या नावाची पदवी आज हजारो मुले घेतात.

महाराजांविषयी लिहिणारे बहुतेक जण साधी खंजिरी, साधी भाषा असे म्हणून पुढे जातात. हा साधेपणा मला आता तितका साधा वाटत नाही. ज्या हाताने खंजिरी धरायची, त्याच्या झटक्याने झांजा वाजवायच्या. दुसऱ्या हाताच्या बोटांनी कातड्यावर ठेका धरायचा. आणि तोंडाने भजन म्हणायचे. पावसाळी हवेत कातडे सैल पडले की आवाज बसतो, मग ते शेकावे लागते. लपायला पडदे नाहीत की सूर नाहीत. चूक झाली की ती सगळ्यांना ऐकू येते.

भाषेचेही तसेच. ग्रामगीता मला प्रथम फार सोपी वाटली. मग गावच्या सफाईवर आमच्या मंडळासाठी एक पानभर मजकूर मी लिहिला. तो ऐकून वडील गप्प राहिले. माझ्या एकाही वाक्यात आमचे गाव नव्हते, पुस्तकातले शब्द तेवढे होते. वडिलांची शाळा चौथीत सुटली. पण मी ग्रामगीतेची ओवी वाचू लागलो की तिचा अर्थ ते माझ्या आधी सांगतात. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, याचा मला अभिमान होता. त्या दिवशी तो थोडा खाली बसला आणि बरेच झाले.

दरवर्षी मोझरीला पुण्यतिथीस दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसे मौन उभी राहतात. यंदा वडिलांबरोबर मीही जाणार आहे. सुटीत ते मला खंजिरी शिकवीत आहेत. झांजा जमू लागल्या आहेत. ठेका अजून सुटतो.